बहिणीला किती दिलं म्हणजे पुरे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 61. वसई तालुक्यातल्या एका गावात राहतात, बँकेतून निवृत्त, कॅथलिक कुटुंब. वडील 2009 साली मृत्युपत्र न करता गेले. आई त्याआधीच गेली होती. मागे हे आणि यांची धाकटी बहीण. घर आणि भोवतीची 18 गुंठे वाडी. 2011 साली बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. भावाने तिला साडी आणि 21 हजार रुपये दिले, मग सगळे मिळून हॉटेलात जेवले. दहा वर्षांनी त्यातले 10 गुंठे बिल्डरला विकले. त्या पैशातून मुलाचा फ्लॅट आणि मुलीचं लग्न झालं, उरलेले मुदत ठेवीत आहेत. मधल्या काळात बहिणीचे यजमान वारले आणि ती आता जेवणाचे डबे करते. तिने कधी काही मागितलेलं नाही. मात्र भाचीच्या लग्नात ती मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) आली आणि जेवायला थांबली नाही.

ते लिहितात: "रविवारी मिस्साला मी न चुकता जातो. बहीण मात्र हल्ली सकाळच्या पहिल्या मिस्साला जाते, आमची गाठ पडत नाही. साठीनंतर उपासाचं बंधन नसतं, तरी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मी उपास करतो. गरीब फंडाला दर महिन्याला देतो. कागद कायदेशीर आहे. बहिणीने राजीखुशीने सही केली. तिने तर कागद वाचलाही नाही, 'दादा, कुठे करू सही?' एवढंच म्हणाली. गेल्या लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) फादरांनी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर उपदेश केला, तेव्हापासून झोप नाही. कन्फेशन केलं, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिली, तरी मन थाऱ्यावर नाही. बायको म्हणते, झालं गेलं उकरू नका. मला एवढंच सांगा, मी तिला द्यायलाच हवं का? हवं असेल तर किती दिलं म्हणजे माझं कर्तव्य पुरं होईल? तिच्या नवऱ्याच्या नावाने गरीब फंडात मोठी रक्कम दिली तर चालेल का?"

प्रिय बंधू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे ती सवय सुटत नाही. रेघ मात्र तुमच्या प्रश्नाखाली पडली नाही, 'दादा, कुठे करू सही?' या शब्दांखाली पडली.

हे वाक्य तुम्ही तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून दिलंय. बघा, तिची काही हरकत नव्हती, तिने वाचलंसुद्धा नाही. मी ते वाचलं आणि ते दस्त नोंदणीचं ऑफिस डोळ्यांपुढे आलं. टेबलावर अंगठ्याचं यंत्र, फोटोसाठी छोटा कॅमेरा, बाहेर घाम पुसत बसलेले साक्षीदार, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही हवी म्हणून भराभर पानं उलटणारा कारकून. तिथे एक बाई भावाला विचारते, कुठे करू? पोस्टातल्या अनोळखी माणसाने पुढे केलेल्या कागदावर ती अशी सही करणार नाही. तुमच्या कागदावर केली, कारण कागद तुम्ही पुढे केला होता. तुम्ही ज्याला संमती म्हणता त्याला मी भरवसा म्हणेन. दोन्हींत बराच फरक आहे आणि तुमची झोप बहुधा त्या फरकापायीच उडाली आहे.

राजीखुशीचंही जरा बोलूया. आपल्याकडे बहिणी हक्क सोडतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच हिशेब असतो, जमीन गेली तरी चालेल, माहेर राहू दे. नाही म्हटलं तर सणाला बोलावणं येणार नाही, वहिनीचं तोंड फिरेल, चार लोक म्हणतील की आईबापाच्या मागे हिस्सा मागायला आली. असा सौदा समोर असेल तर सही होतेच. आता तुमच्या बाबतीत काय झालं ते बघा. तिने जमीन सोडली ती माहेरासाठी, आणि भाचीच्या लग्नात तिला जेवायला थांबावंसं वाटलं नाही. म्हणजे जमीनही गेली आणि माहेरही.

कायद्याचं आधी उरकून घेऊ, कारण बऱ्याच वाचकांचा इथे घोटाळा असतो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर महाराष्ट्रात 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. विधवा मागे असेल तर तिला एक तृतीयांश, उरलेलं मुलांमध्ये समान. तुमची आई आधीच गेलेली, म्हणजे वाडीत निम्मा वाटा तुमचा आणि निम्मा बहिणीचा होता. केरळातल्या जुन्या त्रावणकोर भागात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा 5,000 रुपये, यांतलं जे कमी ते मिळायचं. ते मोडून काढायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं आणि 1986 साली निकाल लागला. तुमच्या बहिणीला कुणाशी भांडायची गरजच नव्हती. कायद्याने आधीच दिलेलं तिने तुमच्या शब्दावर सोडलं. (गोव्यातल्या वाचकांसाठी वारशाचे नियम निराळे आहेत, त्यांनी तिथल्या वकिलाला विचारावं.) तुम्ही म्हणता तसा कागद पक्का असेलही. कोर्ट तुम्हाला उठवणार नाही. पण मला पत्र तुम्ही कोर्टाच्या भीतीने लिहिलेलं नाही.

आता तुमच्या नेमांकडे येते. त्यांना मी हसणार नाही, कारण माझे नेमही तसलेच. लहानपणी आमच्या घरी लेंटच्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मग काय, आदल्या दिवशीच अर्नाळ्याच्या कोळणीला निरोप जायचा आणि शुक्रवारी ताटात हे एवढं पापलेट पडायचं. नियम पाळला गेला, कारण मासे म्हणजे मांस नव्हे. वडील एकदा काटा काढता काढता म्हणाले, "येशूच्या दुःखात आपण असेच सहभागी होत राहिलो तर कोळीण बंगला बांधेल." सगळे हसले, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा पापलेट आलं.

उपदेश ऐकताना तुम्ही स्वतःला परूशांच्या, म्हणजे येशूच्या काळातल्या नियमांना काटेकोर असणाऱ्या ज्यूंच्या, रांगेत बसवलंत, असा माझा अंदाज आहे. परूशी म्हणजे कसंबसं नियमापुरतं करणारा माणूस, अशी आपली समजूत असते. बायबलमधलं शुभवर्तमान नीट वाचलं तर चित्र उलटं दिसतं. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो. ज्यूंच्या नियमशास्त्रात सर्वांसाठी सांगितलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. म्हणजे हा माणूस बांधलेल्यापेक्षा शंभरपट करत होता. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात तर पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दहावा भाग मोजून देणारे लोक आहेत. जिऱ्याचा! येशू त्यांना जिरं देऊ नका म्हणत नाही. तो म्हणतो, न्याय आणि दया करायला हवी होती आणि तेही सोडायला नको होतं. (जाता जाता, परूशांमध्ये सगळेच ढोंगी नव्हते. रात्री येशूकडे आलेला निकदेमही परूशीच होता. हा शब्द शिवीसारखा वापरताना मी हल्ली थोडी थांबते.)

मग त्यांचं चुकलं कुठे? मला वाटतं, तुमचं आणि माझं चुकतं तिथेच. जिथे स्वस्त पडतं तिथे आपण सढळ हाताने जास्त करतो आणि जिथे महाग पडतं तिथे नियमावर बोट ठेवतो. उपास तुम्ही वयाची सूट असूनही करता, कारण एका उपाशी दिवसाची किंमत संध्याकाळी पेजेची वाटी समोर आली की फिटते. बहिणीच्या बाबतीत मात्र तुम्ही विचारता, द्यायलाच हवं का? उपासाबद्दल असं कधी विचारलं होतं का? माणूस किमान किती, असं विचारतो तेव्हा त्याला खरी किंमत कुठे लागते ते दिसून येतं.

मी हे शहाणपणाने बोलत नाही. धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंना मी वर्षानुवर्षं 'गल्लीत जो रेट आहे तो' देत आले. एकदा त्या चार दिवस तापाने आल्या नाहीत, तर हिशेबाने चार दिवसांचे कापले. त्याच महिन्यात चर्चच्या सणाला मोठी वर्गणी दिली. ती पावती परवा एका वहीत सापडली. दोन्ही आकडे आठवले आणि कान गरम झाले.

ख्रिस्तसभेचे पाच नेम तुम्हाला पाठ असतील. रविवारी आणि बंधनकारक सणांना मिस्सा, वर्षातून किमान एकदा कन्फेशन, पास्काच्या (ईस्टरच्या) काळात कम्युनियन, ठरलेल्या दिवशी उपास आणि मांसत्याग, चर्चच्या गरजांना हातभार. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ या नेमांबद्दल काय सांगतो ठाऊक आहे? प्रार्थना आणि नीतीच्या वाटेवरची ही अगदी अत्यावश्यक किमान पातळी, असं. म्हणजे हे जोतं आहे. जोतं मजबूत बांधलंत, छान. पण जोत्यावर कुणी संसार करत नाही.

कन्फेशनबद्दल सांभाळून बोलते, तो तुमचा आणि देवाचा मामला. तुम्ही तिथे नेमकं काय बोललात हे पत्रात नाही. बऱ्याचदा आपण 'लोभ केला' म्हणतो, 'बहिणीची निम्मी वाडी माझ्या नावावर घेतली' असं म्हणत नाही. पहिल्या वाक्याला क्षमा मिळते आणि प्रायश्चित्त म्हणून चार प्रार्थना. दुसरं वाक्य उच्चारलं असतं तर फादरांनी कदाचित विचारलं असतं, मग परत केलं का? क्षमा झाली म्हणून घेतलेल्याची भरपाई टळत नाही. तोच ग्रंथ हे स्पष्ट सांगतो आणि तिथे बायबलमधल्या जक्कय या जकातदाराचा दाखला देतो.

गरीब फंडाच्या कल्पनेवर मात्र मी चक्क लाल रेघ मारणार. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूने हीच गोष्ट उघडी पाडली आहे. आईबापाला ज्याचा उपयोग व्हायचा ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर करायचं आणि मोकळं व्हायचं. फंडात दिलेल्या पैशाची पावती मिळेल, कदाचित सूचनाफलकावर नावही येईल. आणि तुमची बहीण पहाटे उठून डब्यांसाठी पोळ्या लाटत राहील, नवऱ्याच्या नावाने झालेल्या देणगीचं कौतुक ऐकत. हे करू नका.

तर मग किती? जक्कयच्या घरी येशू जेवायला गेला, त्याने कुठलाही आकडा सांगितला नव्हता. जक्कय आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, निम्मं गोरगरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. नियमशास्त्रात, चूक स्वतः कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं आहे. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्याची शिक्षा. जक्कयने स्वतःला मोठं कोष्टक लावून घेतलं. तुम्हीही चौपट द्या असं मी म्हणत नाही, तुमच्याकडे तेवढं उरलेलंही नाही. मला त्यातला क्रम आवडतो. आधी घरात पाहुणा आला, मग आकडा सुटला. तुम्ही आकडा ठरवून, पाकीट बंद करून मगच बहिणीकडे जाणार आहात.

पाकीट नेऊ नका, वही न्या. पहिल्या पानावर सरळ हिशेब लिहा. 10 गुंठ्यांचे किती आले, कर किती गेला, फ्लॅटला किती, लग्नाला किती, ठेवीत किती, आणि अजून तुमच्या नावावर असलेले 8 गुंठे. निम्मा आकडा खाली लिहा. त्यासमोर तुम्हाला काय झेपेल ते लिहा. दोन्ही आकडे जुळणार नाहीत, ते तसेच राहू द्यात. निम्मं आज देणं अशक्य असेल तर तसं तिला सांगा, पण निम्मं होतं हे आधी सांगा. नुसतं 'मी तुला थोडी मदत करतो' म्हणालात तर दाते व्हाल आणि ती घेणारी ठरेल. 'तुझं माझ्याकडे आहे' हे वाक्य तोंडातून काढायला जड जाईल, म्हणून आरशासमोर एकदोनदा म्हणून बघा. हसू नका, मी वर्गात नाटकं बसवली आहेत, अडतं ते वाक्य आधी म्हणून ठेवावं लागतं.

मार्ग तीनचार आहेत. ठेवीतली रक्कम थेट तिच्या खात्यात देता येईल. भावाने बहिणीला दिलेल्या पैशावर तिला आयकर लागत नाही. उरलेल्या जागेतला हिस्सा बक्षीसपत्राने तिच्या नावे करता येईल. तो कागद नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्क वकिलाला आधी विचारा, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव चढेपर्यंत पाठपुरावा तुम्हीच करा, तिला तलाठ्याकडे खेटे घालायला लावू नका. किंवा काही रोख, काही जागा. यातलं तिला काय हवं हे मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. तिला उतारवयात हक्काची एक खोली हवी असेल, किंवा मुलाची फी. कदाचित ती म्हणेल, मला काही नको, निघ इथून. म्हणाली तर निघा, महिन्याभराने पुन्हा जा. तिच्या नकाराला सुटकेचा कागद समजू नका, तसला एक कागद तुमच्याकडे आधीच आहे.

त्याआधी पत्नीशी बोला. त्यांच्या पाठीमागे काही केलंत तर एक घर सांधताना दुसरं उसवेल. त्या 'उकरू नका' म्हणतात त्यामागे मुलांची काळजी असेल, ती खोटी नाही. पण त्यांना एक गोष्ट विचारून बघा: तू माहेरी अशीच सही केली होतीस का? केली असेल, तर त्या दिवशी घरी परतताना तुला काय वाटलं होतं? उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. मुलांनाही सांगा. मुलगा ज्या फ्लॅटमध्ये राहतो त्यात आत्याचा वाटा आहे, हे त्याला तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

याच अडचणीतल्या दुसऱ्यांसाठी दोन शब्द. ज्यांनी खरोखर कुणाचं काही घेतलेलं नाही आणि तरी 'माझं पुरेसं झालं का' या विचाराने रोज पोखरून निघतात, त्यांनी तुमच्या पत्रावरून स्वतःला फटके मारून घेऊ नयेत. त्यांची 'किती'ची चिंता भीतीतून येते, त्यांनी एकाच समंजस फादरांशी मोकळेपणी बोलावं आणि ते थांब म्हणाले की थांबावं. ज्यांच्याकडे परत द्यायला काही उरलं नाही त्यांनी निदान कबूल करावं, कबुलीला मुद्रांक लागत नाही. आणि ज्या बहिणींना येत्या महिन्यात सहीला बोलावलं आहे त्यांनी कागद आधी घरी आणून वाचावा. भाऊ चांगला असेल तर चार दिवस थांबेल.

शेवटी त्या डोंगरावरच्या प्रवचनातलीच एक ओळ, नीट वाचा. वेदीपाशी अर्पण आणताना तुला आठवलं की *तुझ्या भावाच्या मनात* तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात काही आहे का, असं तो विचारत नाही. तुमचं मन साफ आहे की नाही यावर तुम्ही पत्रभर लिहिलंत, आणि प्रश्न तिच्या मनाचा आहे. मिस्सामध्ये शांतीचं चिन्ह देताना तुम्ही शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला वाकून नमस्कार करता. ती दोन तास आधी त्याच देवळात तेच करून गेलेली असते.

येत्या रविवारी पहिल्या मिस्साला जा. शेजारी बसायची घाई नको, दोन बाक मागे बसा. नंतर ती डब्यांसाठी घाईने निघेल, तेव्हा घरी कधी येऊ एवढंच विचारा. पुढे काय झालं ते मला लिहा, आणि त्यात ती काय म्हणाली ते जरूर लिहा. या पत्रात तिचं एकच वाक्य होतं.